दोरीवरचा वारा

होडी जिन्यात अडकली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. एरवी घंटी दाबून दाबून बोट दुखलं तरी ज्यांना दार उघडायला सवड नसते, अशी इमारतीतली सगळी माणसं त्या घटकेला जिन्यात हजर होती.

होडी कसली, कयाक. सोळा फूट लांब, पिवळीधमक, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये दोन माणसांना बसायला दोन खळगे. लिफ्टमध्ये मावायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचं नाक दातांच्या डॉक्टरांच्या दाराला टेकलं, शेपूट खालच्या कठड्यात घुसलं आणि तिने पुढे जायला साफ नकार दिला. डॉक्टरांचं दार वीतभर उघडत होतं. आत एक पेशंट अर्धा दात कोरलेल्या अवस्थेत आडवा होता, आणि दुसरा गाल धरून बाहेर उभा होता.

“तिरकी करा,” डॉक्टर फटीतून म्हणाले. “नाक खाली, शेपूट वर. शास्त्र आहे त्याचं.”

“डॉक्टर, आधी तुम्ही तुमचं नाक आत घ्या,” बाई म्हणाल्या. “मग हिचं आपोआप वळेल.”

बाई मधल्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. खाली साहेब शेपटाऐवजी कठडाच घट्ट धरून होते. साहेब म्हणजे बाईंचे यजमान. टेलिफोन कचेरीत चौतीस वर्षं त्यांना कुणी साहेब म्हटलं नाही, म्हणून निवृत्तीनंतर बाईंनीच म्हणायला सुरुवात केली. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे साहेबांनी कधी मोजून पाहिलं नाही. म्हणूनच संसार टिकला.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. त्या जिन्यात आज कुणी कुणाला तिरकं करा म्हणून सांगत नाही. सगळी दारं बंद असतात. तेव्हा मात्र माणसांना दुसऱ्याच्या अडचणीत शिरायची हौस होती, आणि बाईंना ती अजून आठवते.

तर ही होडी का आली, तर एका फोनमुळे.

फोन वन्संचा. वन्सं म्हणजे साहेबांची थोरली बहीण, वय एकोणऐंशी, घर खाडीच्या पलीकडच्या काठावर. पूर्वी अलीकडून पलीकडे जायला एकच साधन होतं, ते म्हणजे बाईंच्या वडिलांची होडी. बहिणीला भेटायला दर शनिवारी होडीत बसणारा एक सडपातळ मुलगा शनिवार नसतानाही बसायला लागला, तेव्हा वडिलांच्या काहीतरी ध्यानात आलं आणि वन्संच्या सगळंच. “नावाड्याच्या पोरीला घरात आणशील तर घर डुलेल,” असं त्या म्हणाल्या होत्या. घर काही डुललं नाही. पण ते वाक्य बाईंनी एकेचाळीस वर्षं जपून ठेवलं होतं, आणि वर्षातून दोनदा बाहेर काढून ऊन दाखवायच्या.

मग पूल झाला, होडी बंद पडली. दोन बस बदलून, मोठा वळसा घालून वन्संकडे जायचं ते मागच्या दाराने, कारण रस्ता मागच्या बाजूला. घराचं तोंड पाण्याकडे. आणि आता ते घर विकलं होतं. वन्सं महिनाअखेर लेकीकडे परदेशात निघाल्या होत्या, कायमच्या.

“पंचवीस वर्षं झाली, माझ्या पुढच्या पायऱ्यांवर कुणाचं पाऊल पडलं नाही,” वन्सं फोनवर म्हणाल्या. “आता पडायचंही नाही.”

बाई म्हणाल्या, “वन्सं, आम्ही येतो की. पुढच्या दाराने, पाण्यावरून.”

“कशातून येणार? तुझ्या वडिलांच्या होडीचं केव्हाच सरपण झालं.”

इथे थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण वन्संनी आयुष्यात वाक्य कधी वेळेवर थांबवलं नाही. “आणि तुला तरी आता पाण्यातलं काय कळतंय,” त्या म्हणाल्या, “नळाचं सोडून.”

“वारा आणि पाणी मला अजून ओळखतात, वन्सं,” बाईंनी सांगितलं. “पंचवीस तारखेला रविवार आहे. पायऱ्या धुऊन ठेवा.”

फोन ठेवल्यावर साहेबांनी विचारलं, “कशातून जायचं?” बाई म्हणाल्या, “ते तुम्ही बघा. शब्द मी दिलाय, होडी तुम्ही आणा. सगळं मीच करायचं का?”

*

होडी फोननंतर दोन दिवसांनी घरात पोचली. घरात पोचली म्हणजे दिवाणखाना चौदा फुटांचा आणि ती सोळा फुटांची, त्यामुळे तिचं नाक झोपायच्या खोलीत राहिलं. ते दार मग तीन आठवडे मिटलं नाही. सून कामावरून आली की चप्पल काढायची, पर्स ठेवायची आणि न बोलता होडीवरून टांग टाकून आत जायची. तिसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, “आई, मला कुणी विचारलं तर मी सांगते की फर्निचर आहे.” चौथ्या दिवशी तिनेच दोन नारिंगी जाकिटं आणून दिली, बुडू नये म्हणून अंगात घालायची. बाईंनी ते जाकीट घालून आरशात पाहिलं. दुकानातून बांधून आणलेल्या उशीसारख्या दिसत होत्या. त्यांनी आरशाला कापड टाकलं.

साहेबांनी वही केली. आयुष्यभर लोकांच्या तक्रारी नोंदवलेला माणूस, त्याला वहीशिवाय काही खरं वाटत नाही. वाचनालयातून पुस्तक आणून त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: लाट तीन गोष्टींवर वाढते. वारा किती जोरात, किती वेळ, आणि किती मोकळ्या पाण्यावरून धावत येतो.

“हे पुस्तकात आहे?” बाईंनी विचारलं.

“हो. शास्त्रज्ञांनी मोजलंय.”

“माझे बाबा सही करताना जीभ बाहेर काढायचे, त्यांनाही माहीत होतं. ते म्हणायचे, वाऱ्याला पळायला जेवढं मैदान देशील तेवढा तो माजतो. पोरांसारखं आहे. आणि खरी गोष्ट तर तुमच्या शास्त्रज्ञांनी लिहिलीच नाही. वारा आणि पाणी एका दिशेने चालले की लाट झोपते. वारा इकडून, पाणी तिकडून, की लाट उभी राहते. आखूड, ताठ, भांडखोर लाट. मोठ्या लाटेपेक्षा ती वाईट, कारण ती दोन श्वासांमध्ये जागाच ठेवत नाही.”

साहेबांनी पान उलटलं. पुढच्याच पानावर ते होतं. त्यांनी वही मिटली आणि बायकोकडे पाहिलं, तसं त्यांनी पूर्वी शनिवारी होडीत बसून पाहिलं असेल. बाईंनी “भाजी निवडायची आहे” असं म्हणून विषय संपवला.

बाई तिसरीत शाळेतून निघाल्या त्या होडीतलं पाणी उपसायला. नाकाडावर बसून डब्याने पाणी उपसायचं आणि बाबांचं ऐकायचं. पाण्यावर काळा पट्टा सरकत आला की वाऱ्याचा झोत समजायचा. मधल्या धारेत पाणी पळतं, काठाला रेंगाळतं, म्हणून लाटही मध्येच जास्त उठते. उथळावर आली की तिचा पाय अडखळतो आणि ती तोंडावर पडते. बाकीच्या मुली पाढे म्हणत होत्या तेव्हा बाई हे म्हणत होत्या. पाढे विसरतात, हे विसरत नाही, असं बाईंचं मत होतं. मत होतं म्हणजे काय, ते इमारतीत सगळ्यांना तोंडपाठ होतं.

दातांचे डॉक्टर रोज संध्याकाळी दवाखाना मिटून सल्ला द्यायला वर येत. ते कधी टबातसुद्धा बसले नव्हते, पण मोबाइलवर त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. त्यांच्या आग्रहाखातर साहेब आणि बाई दिवाणखान्यातच होडीत बसले. दोन्ही टोकांना पातं असलेली वल्ही घेऊन हवेत सराव सुरू झाला. “डावं, उजवं, डावं,” डॉक्टर म्हणत होते. तिसऱ्या डाव्याला साहेबांचं वल्हं काचेच्या कपाटात गेलं. सुनेच्या बक्षिसांमधला एकही चषक वाचला नाही. आत ठेवलेला, साहेबांना निरोपसमारंभात मिळालेला पंखा मात्र शाबूत राहिला. तो तसा मिळाला त्या दिवसापासून बंदच होता.

“वल्हं आखूड धरा,” डॉक्टर म्हणाले.

“तुम्ही लोकांच्या तोंडात हात घालता तेव्हा मी सांगायला येते का?” बाई म्हणाल्या. डॉक्टर हसले. ते कधी रागवायचे नाहीत, हाच त्यांचा मोठा दोष होता.

*

पुढे बंदर कचेरीचा परवाना. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. साहेबांनी सुवाच्य अक्षरांत भरला. कारकुनाने एका रकान्यावर बोट ठेवलं.

“इंजिनाचा क्रमांक?”

“इंजिन नाही,” साहेब म्हणाले. “हाताने वल्हवायची.”

“मग मासेमारीचा अर्ज भरा.”

“मासे धरायचे नाहीत.”

“मग कशाला जाताय?”

“बहिणीला भेटायला.”

कारकुनाने अर्जांचा गठ्ठा चाळला. “बहिणीचा अर्ज नाही आमच्याकडे. हाच भरा. पण रकाना रिकामा चालत नाही.”

बाईंना वाटलं, साहेब आता चिडतील. पण साहेबांचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांनी त्यांना आपल्या जातकुळीचा माणूस भेटला होता. दोघे अर्धा तास रकान्यांवर बोलत बसले, दोन भाऊ यात्रेत हरवून सापडावेत तसे. शेवटी बाई खिडकीत वाकल्या.

“लिहा हो. इंजिनं दोन. एकाची कंबर दुखते, दुसरं बोलतं फार.”

कारकुनाने तसंच लिहिलं असावं, कारण शिक्का बसला. पण वेळेची अट त्यानेच घातली: रविवारी दुपारी दोन ते चार. सकाळी मोठ्या बोटींची ये-जा असते, तेव्हा लहान होडी चालणार नाही.

साहेबांनी घरी येऊन भरती-ओहोटीचा तक्ता पाहिला. “दोनला ओहोटी. पाणी समुद्राकडे पळत असणार, म्हणजे पश्चिमेला. आणि दुपारचा वारा समुद्रावरून येतो ना? म्हणजे समोरासमोर.”

“यायचा,” बाई म्हणाल्या. “पूर्वी. हल्ली दोन वर्षं झाली, दुपारचा वारा पूर्वेकडून येतो. माझी दोरी बघा.”

मागच्या गच्चीतली कपड्यांची दोरी म्हणजे बाईंची वेधशाळा. पायमोजे आडवे झाले की छत्री न्यायची नाही, चादरीने पोट फुगवलं की खिडक्या लावायच्या, असा त्यांचा कारभार होता आणि तो कधी चुकला नव्हता. त्या दिवशी दुपारीही सगळे कपडे मुकाट्याने पश्चिमेकडे तोंड करून उडत होते.

“वारा पश्चिमेला, पाणी पश्चिमेला,” बाई म्हणाल्या. “दोघांचं पटतंय. खाडी इस्त्री केल्यासारखी असेल.”

साहेबांनी वहीत लिहिलं: वारा पूर्वेचा, आधार दोरी.

*

रविवारी निम्मी इमारत धक्क्यावर पोचवायला आली. धक्क्याच्या उंच भिंतीआड पाणी खरोखरच इस्त्री केल्यासारखं होतं. होडी पाण्यात गेली, साहेब पुढे बसले, बाई मागे. डॉक्टर भिंतीवर चढून उभे होते. त्यांचे केस मागे उडत होते.

“बाई, मला वारा समुद्राकडून वाटतोय,” ते म्हणाले.

“तुम्हाला वाटत असेल,” बाई म्हणाल्या. “मला माहीत आहे.”

भिंतीचा आडोसा संपला आणि वारा बाईंच्या डाव्या गालावर सपकन बसला. खारा, ओला, सरळ समुद्रावरून आलेला. त्या घटकेला बाईंना सगळं कळलं. दोन वर्षांपूर्वी गच्चीच्या मागे, पूर्वेला, बँकेची आठ मजली इमारत उभी राहिली होती. समुद्रावरचा वारा जाऊन तिच्यावर आपटायचा, खाली घसरायचा आणि उलटा फिरून बाईंच्या दोरीवर यायचा. दोरी खोटं बोलत नव्हती. तिला मिळत होता तोच वारा मुळात परत पाठवलेला होता. वारा कुठून येतो हे पाहायचं सोडून बाई दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून हवामान सांगत होत्या.

पण कळायला उशीर झाला होता. होडी मधल्या धारेच्या तोंडाशी होती. तिथे पाणी समुद्राकडे धावत होतं, वारा समुद्राकडून धावत येत होता, आणि दोघांच्या मध्ये लाटा उभ्या होत्या. फार उंच नव्हत्या, कमरेएवढ्याच. पण आखूड, ताठ आणि एकीच्या पाठीला दुसरी. पहिली साहेबांच्या मांडीत उतरली. दुसरीने त्यांचा चष्मा नेला.

“अगं, दोरी काय म्हणत होती?” साहेबांनी विचारलं.

एकेचाळीस वर्षांत बाईंनी जो शब्द उच्चारला नव्हता, तो त्यांनी त्या खारट पाण्यात उच्चारला. “चुकलं माझं.”

साहेबांचं वल्हंच थांबलं. लाटेपेक्षा या वाक्याने ते जास्त हादरले. “आता गप्प वल्हवा,” बाई म्हणाल्या. “अंगावर आडवी घेऊ नका. नाक लाटेकडे.”

आणि तेवढ्यात साहेबांच्या गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत फोन वाजला. साहेबांनी दाताने बटण दाबलं असावं, कारण खाडीच्या मधोमध वन्संचा आवाज आला.

“दिसताय मला. दुर्बिणीतून.”

“वन्सं, आत्ता नको,” बाई ओरडल्या.

“आत्ताच. तू चुकीच्या जागी आहेस. मधल्या धारेत रेंगाळू नकोस, तिथे पाणी पळतंय. तुझ्या उजव्या हाताला वळ.”

“उजव्या हाताला वळले तर लाट पाठीवर येईल.”

“मग पूर्ण वळू नकोस, तिरकी जा. समोर वाळूचा दांडा उघडा पडतोय, दिसतोय का? त्याच्या मागच्या अंगाला पाणी सपाट आहे. दांडा लाटा मोडतो. तिथे शीर.”

बाईंच्या ओठांवर उत्तर तयार होतं. नावाड्याच्या मुलीला, जिच्या पायाला मातीच्या आधी पाणी लागलं तिला, आयुष्यात एकदाही स्वतःहून होडीत न बसलेली नणंद व्हरांड्यात खुर्ची टाकून वाट सांगत होती. बाईंनी उत्तर गिळलं. त्याच्याबरोबर थोडी खाडीही गिळली.

“काळा पट्टा येतोय तुझ्यावर,” वन्सं म्हणाल्या. “थांब. जाऊ दे त्याला. आता चल. आता. भाऊ, तू उगाच पाणी उडवू नकोस, तिला चालवू दे.”

बाईंनी थांब म्हटल्यावर थांबवलं, चल म्हटल्यावर चालवलं. दहा मिनिटं गेली की वीस, कुणास ठाऊक. मग होडीचं पोट वाळूला हलकेच घासलं आणि आवाज बंद झाला. दांड्याच्या आड पाणी निजलेलं होतं. पलीकडे लाटा अजून भांडत होत्या, पण आता त्या दुसऱ्याच्या घरातल्या भांडणासारख्या वाटत होत्या. साहेब मागे न वळता म्हणाले, “जिवंत आहेस ना?” बाई म्हणाल्या, “तुम्हाला सोडून कुठे जाणार.”

*

पुढच्या पायऱ्या खरोखर धुतलेल्या होत्या. वन्सं खालच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभ्या होत्या, एका हातात दुर्बीण, दुसरा होडीचं नाक धरायला पुढे केलेला. साहेबांना उठता येईना. कंबर धरली होती. दोघींनी मिळून त्यांना ओढून काढलं आणि पायरीवर वाळत घातलं.

घरात खोकी भरून ठेवली होती. भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन होते. फक्त व्हरांड्यातली खुर्ची जागच्या जागी होती, पाण्याकडे तोंड करून.

“कुठे शिकलात हे?” बाईंनी विचारलं. टॉवेलमध्ये तोंड होतं, म्हणून विचारता आलं.

“शिकायचं काय त्यात. भाऊ यायचा ना दर शनिवारी. इथे बसून बघायची, होडी येते की बुडते. तुझे वडील प्रत्येक वाऱ्याला वेगळ्या वाटेने आणायचे. ओहोटी आणि खारा वारा असला की दांड्यामागून. हे सगळं त्यांचंच आहे. बघून बघून माझ्या डोळ्यांत बसलं.” वन्संनी दुर्बीण खुर्चीवर ठेवली. “होडी बंद पडल्यावरही बघायची सवय गेली नाही.”

बाई काही बोलल्या नाहीत. ही घटना इमारतीत सांगितली असती तर कुणाचा विश्वास बसला नसता.

चार वाजून गेले होते. परवाना संपला होता. साहेब म्हणाले, परत बसने जाऊ, होडी उद्या टेम्पोने नेऊ. वन्सं पायरीवरून होडीकडे बघत होत्या.

“ह्यात माझ्यासारखं माणूस बसतं का?”

“माझ्यासारखं बसलं की,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी परवाना काढून दाखवला. बाईंनी तो त्यांच्याच खिशात परत ठेवला. वन्संना नारिंगी जाकीट चढवलं, पट्टे आवळले, आणि त्यांना पुढच्या खळग्यात बसवलं. एकोणऐंशी वर्षांचं माणूस लहान मुलीसारखं दोन्ही कडा धरून बसलं. दांड्याच्या आड एवढंसं सपाट पाणी होतं, तेवढ्यात बाईंनी होडी हळूहळू फिरवायला सुरुवात केली.

“डावीकडे घे,” वन्सं म्हणाल्या.

“वन्सं, होडी मी चालवतेय.”

“मग नीट चालव.”

अशा त्या दोन फेऱ्या फिरल्या. तिसऱ्या फेरीला वन्संनी बोटं पाण्यात सोडली. घराचं तोंड समोर होतं, पायऱ्या, व्हरांडा, रिकामी खुर्ची. इतकी वर्षं त्या घरातून पाण्याकडे पाहिलेलं, आता पाण्यातून घराकडे पाहत होत्या. मागे न वळता, स्वतःशीच बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, “तुझे वडील इतकी वर्षं या पायरीला होडी लावत होते. मी त्यांना कधी वर बोलावलं नाही. चहासुद्धा विचारला नाही गं.”

बाईंचे वडील दिवसाला दहा कप चहा प्यायचे. शेवटच्या आजारात औषध नको म्हणायचे आणि चहा मागायचे.

“ते चहा घेत नसत, वन्सं,” बाई म्हणाल्या, आणि वल्हं पाण्यात घातलं.